मध्यम दर्जाचा पुरावा

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर अंक बाजूला ठेवून कुणीतरी मला गुडघे दाखवायला यायचं. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत हे नेहमी होतं. एकदा तर लिफ्टमध्ये एका सभ्य गृहस्थांनी सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मला जीभ बाहेर काढून दाखवली होती.

मी औषधं देत नाही, औषधांबद्दल लिहिलेलं वाचते. वाचत होते म्हणायला हवं, कारण गेल्या वर्षी निवृत्त झाले. आधी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आणि मग नोएडातल्या एका छोट्या संस्थेत मिळून तीसेक वर्षं मी एवढंच केलं. माझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "दिल्लीत काहीतरी तपासते ती." तसं बघितलं तर बरोबरच सांगायची.

काम असं असतं. एखादं नवं औषध येतं आणि एखादं इस्पितळ, विमा कंपनी किंवा सरकारी खातं आम्हाला विचारतं, याचा खरंच उपयोग होतो का? मग जगभरात त्या औषधावर झालेले सगळे अभ्यास गोळा करायचे. सगळे म्हणजे कंपनीला अडचणीचे असलेलेही. माणसं किती होती, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते का, एका गटाला नुसतं पाणी टोचलं होतं का, मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं, पैसा कुणाचा, असे पन्नासेक प्रश्न विचारत एकेक अभ्यास पिंजून काढायचा. शेवटी पुराव्याला दर्जा द्यायचा. उच्च, मध्यम, कमी, अगदी कमी. बस, एवढ्या चार शब्दांवर माझं घर चाललं.

यातला एक नियम मात्र फार छान आहे. प्रत्येक अभ्यास दोघांनी वाचायचा, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. दोघांचे फॉर्म भरून झाले की समोरासमोर बसायचं आणि जिथे जुळत नाही तिथे मनसोक्त भांडायचं. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं, एकाचा लोभ दुसऱ्याला कळतो. माझा दुसरा वाचक अकरा वर्षं एकच होता, विल्सन साळवे.

साळवे मूळचे नगरचे. संख्याशास्त्रातला पक्का माणूस. चर्चच्या गायनमंडळात गाऊन आवाज असा कमावलेला की कुजबुजले तरी चार टेबलांपलीकडे ऐकू जायचं. अंगानं भरपूर, खाण्याचे शौकीन, आणि मी सांगतेय त्याच्या दोन वर्षं आधी हृदयाला झटका येऊन एक स्टेंट बसलेला. राहायला आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. सकाळी द्वारकेहून नोएडा आणि संध्याकाळी नोएडाहून द्वारका, मेट्रोच्या ब्लू लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही एकत्र असायचो. मला ते मॅडम म्हणायचे आणि माझी यथेच्छ टर उडवायचे. "मॅडम, तुम्हाला देवदूत दिसला ना, तरी तुम्ही त्याला विचाराल, दुसऱ्या गटाला काय दिसलं?" मी म्हणायचे, विचारायलाच पाहिजे.

मग पेप्टाइडांची लाट आली. आधी कुणाला हा शब्द उच्चारता येत नव्हता, मग एकदम ब्युटी पार्लरच्या पाट्यांवर दिसायला लागला. पेप्टाइड म्हणजे जादूबिदू काही नाही. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्याच मण्यांची छोटी माळ, इन्शुलिन हे त्यातलंच. आपण जेवलो की आतडं रक्तात एक निरोप सोडतं, बस झालं आता. हा निरोप काही मिनिटांत विरून जातो. त्याचीच नक्कल करून शास्त्रज्ञांनी आठवडाभर टिकणारा निरोप बनवला. आठवड्यातून एकदा टोचायचं, भूक मरते, पोट सावकाश रिकामं होतं, वजन उतरतं. हे खरं आहे. वजनाच्या औषधांत इतका भक्कम पुरावा मी पूर्वी कधी वाचला नव्हता. मळमळ होते, उलट्या होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि औषध बंद केलं की बरंचसं वजन परत येतं. हेही तितकंच खरं आहे.

पण पेप्टाइड या एका नावाखाली काय काय विकायला आलं म्हणून सांगू! गुरुग्रामहून एक जिमवाला आमच्याकडे आला होता. टीशर्टाच्या बाह्या दंडांवर फाटायच्या बेतात. त्यानं टेबलावर पांढऱ्या पुडीच्या चार कुप्या मांडल्या. लेबलवर लिहिलेलं, फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. त्याला आमच्याकडून 'साइंटिफिकवाली चिट्ठी' हवी होती. सोबत शोधनिबंधांची जाडजूड फाइल होती. साळव्यांनी ती शांतपणे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली.

"भाईसाहब, ये तो सब चूहे हैं."

"तो क्या हुआ, सर? दुबले तो हुए ना!"

तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पुढचा आठवडाभर कॅन्टीनमध्ये कुणी दुसरी पोळी घेतली नाही की साळवे म्हणायचे, "दुबले तो हुए ना!" त्याला चिठ्ठी आम्ही दिली नाहीच. पण त्या कुप्या तो विकत राहिला असणार, आणि त्या टोचून घेणाऱ्यांचं पुढे काय झालं हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्या कामात माणसं कागदावरच भेटतात आणि कागदावरच राहतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी मुलीच्या लग्नाआधी रीतसर, डॉक्टरला विचारून, खरं औषध घेतलं. लग्नात अशा दिसत होत्या की नवरीपेक्षा लोक त्यांच्याकडेच बघत होते. लग्न झालं, औषध बंद केलं आणि वर्षभरात सगळं होतं तिथे आलं. मग मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "दीदी, आपको तो पता था ना, वापस आ जाता है?" मी म्हटलं, मी सांगितलं होतं तुम्हाला, दोनदा. "तो ज़ोर से बोलना था ना!" आयुष्यभर मी हळू आवाजात खरं सांगितलं आणि त्याचाच मला अभिमान होता.

या अभिमानामागचं एक कारणही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वजन कमी करणाऱ्या एका गोळीला मी चांगला दर्जा दिला होता. पुरावा तेव्हा तसाच दिसत होता. काही वर्षांनी कळलं की ती गोळी हृदयाला धोक्याची आहे. बाजारातून काढून घेतली तिला. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण मी स्वतःला कधी माफ केलं नाही. तेव्हापासून वजनाच्या औषधाचं नाव निघालं की माझा हात आपोआप एक पायरी खालचा दर्जा लिहायचा.

तर एका विमा कंपनीनं आम्हाला विचारलं, ज्यांना आधीच हृदयविकार आहे आणि वजन जास्त आहे, मधुमेह मात्र नाही, अशा लोकांना हे आठवड्याचं इंजेक्शन द्यावं का? त्यानं वजन उतरतं हे ठीक, पण पुढचे झटके टळतात का, मरणं टळतात का?

आमच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो. या विषयात तुमचं काही वैयक्तिक हित गुंतलंय का, ते लिहायचं. लोक तिथे डोळे झाकून 'नाही' लिहितात. साळव्यांनी लिहिलं, "माझं वजन एकशे बारा किलो आहे, मला एक स्टेंट आहे, मधुमेह नाही आणि हे औषध चांगलं निघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे." आमच्या साहेबांनी विचारलं, मग तुम्ही वाचू नका, दुसरं कुणी बघू का? साळवे म्हणाले, "मी वाचतो, सर. मॅडम आहेत ना समोर. त्या मला सोडतात होय!" मी माझ्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं.

दोन आठवडे आम्ही वेगवेगळं वाचलं. मेट्रोतही उन्हाळा, राजकारण आणि एस्तेरवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातचं मटण यापलीकडे बोललो नाही. मग फॉर्म उघडले. बहुतेक सगळं जुळलं. हृदयाच्या प्रश्नावर त्यांचं होतं 'उच्च' आणि माझं 'मध्यम'.

"का हो, मॅडम? इतका मोठा अभ्यास, इतके नीट पाडलेले गट, फरक स्पष्ट दिसतोय. अजून काय पाहिजे?"

"भारतीय किती आहेत त्यात? आपल्याला कमी वजनालाच पोट सुटतं, साखर चढते. पैसा कंपनीचा. आणि बघितलंय तीन-चार वर्षं. माणूस घेणार जन्मभर."

"यार मॅडम, माझं हृदय काय पासपोर्ट बघून चालतं?" ते हसत म्हणाले. मग हसू गेलं. "या अभ्यासातली माणसं म्हणजे बिल्कुल मी आहे हो. वय, स्टेंट, वजन, सगळं."

"तुम्ही स्वतःसाठी वाचताय, साळवे."

त्यांनी फॉर्म उलटून पहिलं पान वर घेतलं. हळूच म्हणाले, "हो, वाचतोय. पहिल्या पानावर लिहिलंय मी ते." आणि पेन्सिल घेऊन त्यांनी 'उच्च' खोडलं, 'मध्यम' लिहिलं. मी जिंकले. मुद्द्यावर नाही जिंकले, त्यांना टोचून जिंकले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच संध्याकाळी राजीव चौक स्टेशनला डब्यातली गर्दी उतरली आणि आम्हाला बसायला मिळालं. साळवे म्हणाले, "ऑफिस सुटलं. आता मैत्रीण म्हणून सांगा. हार्टच्या डॉक्टरांनी परवाच हे इंजेक्शन लिहून दिलंय. घेऊ का?"

मी डॉक्टर नाही, हे वाक्य मी लिफ्टमधल्या परक्या माणसालाही न चुकता ऐकवते. त्या दिवशी नाही आठवलं. तो माणूस अकरा वर्षांत पहिल्यांदा मला असा काही विचारत होता आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वाटलं, आजच्या भांडणानंतरही याला माझंच मत हवंय.

"थांबा ना थोडं," मी म्हटलं. "लांब मुदतीचे निकाल येतील. एकदा सुरू केलं की सोडता येत नाही, सोडलं की सगळं परत येतं. तोवर सकाळी चाला, भात कमी करा."

"किती थांबू?"

"वर्षभर."

"अच्छा. तुम्ही म्हणता तर थांबतो. तसंही सुई बघितली की मला घेरी येते." आणि लगेच मोठ्यानं, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं, "पण भाताचं नाव काढू नका हं!"

त्यांनी शब्द पाळला, भातही कमी केला. रोज सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारायचे. मला मेट्रोत आकडा सांगायचे. एक किलो. दीड किलो. मग पुन्हा अर्धा वर. दिवाळीनंतर दिल्लीची हवा अशी होते की समोरची इमारत दिसत नाही आणि घसा जळतो. मीच म्हटलं, बाहेर चालू नका. तर ते तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्यांमधून फेऱ्या मारायला लागले. चौकीदार विचारायचा, साहब, गाडी नहीं मिल रही क्या? हे ते रंगवून सांगायचे आणि मी हसायचे. नाताळात त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी केकचा एवढासा तुकडा घेतला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. दोन किलो उतरलं होतं त्यांचं, एकूण.

जानेवारीत एका सकाळी ते चालायला निघाले होते. बूट घालायला खुर्चीवर बसून वाकले ते तसेच राहिले. साडेसातला एस्तेरवहिनींचा फोन आला. "ताई, हे उठत नाहीयेत हो." मी रिक्षानं पोचले तोवर शेजारच्यांनी त्यांना जमिनीवर निजवलं होतं आणि एक बूट पायात होता. माझ्या त्या सल्ल्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, फार मोठा. असं होतं. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही.

महिन्याभरानं मी ते सगळे शोधनिबंध पुन्हा काढले. कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी, घरी, दार लावून, नवा कोरा फॉर्म घेऊन बसले. मला वाटत होतं, माझी चूक मला सापडेल. पुरावा उच्च दर्जाचाच होता, मी हट्टानं खाली ओढला, असं निघालं असतं तर बरं झालं असतं. रडून मोकळी झाले असते. पण दर्जा पुन्हा मध्यमच आला. माझ्या सगळ्या शंका खऱ्या होत्या, आजही आहेत.

मग मला कळलं, चूक तिथे नव्हतीच. मध्यम दर्जाचा पुरावा याचा अर्थ आमच्याच पुस्तिकेत लिहिलेला आहे आणि नव्या लोकांना तो मीच शिकवत होते: बहुधा उपयोग होतो, पण उद्या हे मत बदलू शकतं. बहुधा उपयोग होतो! ज्याच्या हृदयाला एकदा झटका येऊन गेलाय, ज्याच्या डॉक्टरनं कागद लिहून दिलाय, त्याला हे 'बहुधा' पुरेसं होतं. पुराव्याला दर्जा देणं वेगळं आणि माणसानं काय करावं हे ठरवणं वेगळं. दुसऱ्या कामात त्याचं वय, त्याची भीती, त्याच्याकडे किती वेळ उरलाय हे सगळं बघावं लागतं. मी मेट्रोत बसून पहिल्या कामाच्या जोरावर दुसरं काम केलं. इंजेक्शनाचा पुरावा मी पन्नास प्रश्न विचारून तपासला. वर्षभर थांबण्यानं काय होतं, याचा एकही कागद मी मागितला नाही.

आणि त्या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं होतं. खरं म्हणजे लिहायला हवं होतं, एका गोळीनं माझा एकदा पचका झालाय आणि पुन्हा तसं व्हायची मला भीती वाटते. साळव्यांनी आपलं मन पहिल्या पानावर उघडं करून ठेवलं. माझं मलाच ठाऊक नव्हतं, आणि समोर बसून ते ओळखू शकणारा एकच माणूस होता, त्याला मी गप्प केलं.

विमा कंपनीला अहवाल कधीच गेला होता. त्याचं कौतुकही झालं होतं, संयमित म्हणून. ते शोधनिबंध पुन्हा वाचले, त्यानंतर काही आठवड्यांनी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. नवा दुसरा वाचक हुशार होता, पण त्याचं नि माझं सगळंच जुळायचं, मला ते सहन होईना.

ईस्टरच्या आधी एस्तेरवहिनींनी मला बोलावलं. साळव्यांचे गरम कपडे चर्चमध्ये द्यायचे होते, एकटीनं कपाट उघडवत नव्हतं त्यांना. आम्ही पलंगावर कपड्यांचा ढीग घालून घड्या करत बसलो. त्या एकेका स्वेटरची हकिकत सांगत होत्या, हा सिमल्याचा, हा धाकट्या लेकीनं पहिल्या पगारातून आणलेला. मधेच, वर न बघता, त्यांनी विचारलं, "ताई, त्या डॉक्टरांनी ह्यांना वजनाचं इंजेक्शन सांगितलं होतं ना? मला म्हणाले, मॅडमना विचारतो. मग पुढे विषयच काढला नाही. तुम्हाला विचारलं होतं का हो?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. एक सेकंद मी ते उत्तर तोंडात घोळवलंही.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "मी थांबा म्हटलं."

त्यांच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. "घेतलं असतं तर वाचले असते?"

मी कुणालाही सांगितलं असतं तेच त्यांना सांगितलं. अशा शंभर जणांना काही वर्षं हे औषध दिलं तर त्यांतले अगदी मोजके वाचतात. बाकीच्यांचं व्हायचं तेच होतं. ते मोजके कोण, हे आधी कळत नाही आणि नंतरही कळत नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"आणि थांबा म्हणालात, तेव्हा माहीत होतं?"

"तेव्हाही नव्हतं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या, तर मी मान खाली घालून ऐकून घेतले असते. त्यांनी नुसती मान हलवली, पटलं असल्यासारखी. मलाच राहवलं नाही.

"वहिनी, मी नको म्हटलं नव्हतं हो. नुसतं थांबा म्हटलं होतं."

"हो ना," स्वेटरच्या बाह्या आत दुमडत त्या म्हणाल्या. "थांबलेच की ते."